निनांगची सही

लिबायान, ९ मार्च

मॅडम,

भाजलेल्या डुकराच्या कातडीचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा मी स्वतः तुमच्या ताटात वाढला, आणि तुम्ही तो खाल्लात. माझ्या मुलीच्या, जुनाच्या लग्नाच्या कागदावर निनांग म्हणून, तिची धर्माची आई म्हणून सही केलीत, तीही कशी, झरझर. चष्मासुद्धा पर्समधून काढला नाहीत. फादर म्हणाले, "पुरिंग, वाचून तरी बघा." तुम्ही म्हणालात, "या पोरीसाठी वाचायचं काय." सगळ्यांनी ऐकलं. मग त्याच पोरीच्या दुसऱ्या एका कागदावर सही करताना तुमचा हात का अडला, ते मला सांगा. मी तेवढंच विचारायला बसले आहे.

तुम्ही म्हणाल, सेंदा, काय गं, तब्येत नाही विचारलीस, पाणी नाही दिलंस, दारातूनच अंगावर आलीस. तर हो, आले. तुम्हीच सांगायचात ना, की तोंडाने भांडण होणार असेल तर ते कागदावर लिही, लिहिता लिहिता राग एकेक पायरी खाली उतरतो. मी आत्तापर्यंत एवढं लिहिलं आणि माझा अजून वरच आहे. अक्षर चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं आहे, लावून घ्या.

एका सहीसाठी एवढा तमाशा कशाला, असं माझी मुलगीच म्हणते. तिला म्हणायला काय जातं. शाळेतल्या मुलांचं ऐकून घेणारी बाई व्हायचं, रीतसर, लायसन्सवाली, तर त्यासाठी काय काय लागतं हे मी सहा वर्षं माझ्या चुलीजवळ बसून बघितलं आहे. आधी कॉलेज. मग दिवसा शिकवायचं आणि शनिवारी-रविवारी बसने शहरात जाऊन वरची पदवी. मग तो प्रबंध, ज्याच्यात तिचे केस गळाले. मग मुलांशी बोलायचा सराव, आणि तो करताना कोपऱ्यात एक मोठं माणूस बसून बघणार. मग पोलिसांचा दाखला की ही चोर नाही. मग जाणत्या माणसांची पत्रं की ही सचोटीची आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर नुसतं परीक्षेला बसू देण्यासाठी. परीक्षा पुढेच. नवरा म्हणून क्रिसान्तोला होकार देताना मी त्याचं यातलं अर्धं जरी बघितलं असतं, तर. असो. त्याचं जहाज अजून ब्राझिलच्या बंदरात अडकलेलं आहे. कागदपत्रांचं काहीतरी आहे. म्हणून तो मुलीच्या लग्नाला आला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तर तीन पत्रं लागतात. एक मुख्याध्यापकांनी दिलं, एक शहरातल्या तिच्या प्राध्यापिकेने. तिसरं लायसन्सवाल्या बाईचंच हवं. आपल्या सगळ्या किनाऱ्यावर लायसन्सवाली एकच उरली आहे आणि ती तुम्ही. बाकीच्यांना लायसन्स मिळालं की त्या कॅनडाला जातात आणि तिथल्या मुलांचं ऐकतात.

मग मी काय केलं? इथली कुठलीही आई करते तेच. मेयरबाईंना निनांग केलं की घरापर्यंत रस्ता होतो. डॉक्टरला निनोंग, धर्माचा बाप, केलं की तो अवेळी दार उघडतो. मी तुम्हाला केलं. जावयाच्या, रेमारच्या आईला तिची बँकेतली चुलत बहीण हवी होती, मी तिच्याशी भांडून तुमचं नाव पहिलं घातलं. माया होती म्हणून घातलं, आणि सहीसाठीही घातलं. लपवत नाही. मला वाटलं, परकी बाई सही करताना विचार करेल, घरची बाई कशाला करेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लग्नानंतर पंधरवड्याने जुना तो कागद घेऊन तुमच्या पडवीत आली. तिच्यामागून मी इबोसची, माडाच्या पानात उकडलेल्या चिकट भाताची, टोपली घेऊन आले, नेहमीसारखी, शनिवार होता. तुम्ही कागद वाचलात. या वेळी चष्मा लावून. आणि म्हणालात, "सेंदा, लग्नाच्या आधी का नाही आलीस? डोळे मिटून सही केली असती."

"आता उघडे ठेवून करा," मी म्हणाले.

"आता मी तिची निनांग आहे गं. आईने मुलीला चांगलं म्हणणं याला साक्ष म्हणत नाहीत. माया म्हणतात."

"बोर्डाला मनिलात बसून काय कळणार आहे?"

"बोर्ड विचारणार नाही. मी मला विचारते."

मग मी म्हणाले, निनांगपण परत करा. तुम्ही हसलात. बाकी सगळं मी पोटात घातलं असतं, ते हसणं नाही गेलं. मी टोपली तिथेच टाकून निघाले. पुढच्या शनिवारी आले तर पडवीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गुडघे फारच धरले म्हणून मुलगा मालायबालायला घेऊन गेला. मी टोपलीसाठी आले होते. दुसरं काही काम नव्हतं.

अर्ज मेअखेरपर्यंत द्यायचा आहे. मुख्याध्यापक म्हणतात, जूनपासून बिनालायसन्सच्या माणसाला शाळेतली ती मुलांचं ऐकायची खोली देता येणार नाही, वरून पत्र आलं आहे. खोली गेली की मुलं गेली, आणि माझी मुलगी पुन्हा दिवसभर गणित शिकवणार. कोरा कागद सोबत घातला आहे. सही करा आणि पाठवा.

रोसेंदा

(मुलीच्या निनांगला कोमाद्रे म्हणायचं असतं, पण तुम्हाला मी मॅडम म्हटलं आहे. कोमाद्रे म्हटलं की तुमचा हात अडतो, म्हणून.)


लिबायान, ३० मार्च

मॅडम,

तुमचं उत्तर नाही. फोन लावला, तर तुमच्या सुनेने उचलला. तिचा आवाज गोड आहे, पण ती मला आजी म्हणाली. मी एक्कावन्नची आहे. तिला सांगा.

मी विचारलं, "मॅडम आहेत का?" तर म्हणे झोपल्यात. सकाळी नऊला. तुम्ही आयुष्यात सकाळी नऊला झोपला नाहीत. मी म्हटलं बरं, टोपलीचं काय झालं विचार. ती म्हणाली, "ती जुनी वेताची? सासूबाईंनी सोबत आणली. औषधं ठेवतात तिच्यात." इतक्या वर्षांची इबोसची टोपली, माडाच्या पानाचा वास लागलेली, आणि तुम्ही तिच्यात गोळ्या ठेवता.

मी स्वस्थ बसले नाही. फादरकडे गेले. विचारलं, "फादर, निनांग काढता येते का?"

ते झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "कुठून काढायची आहे?"

"नात्यातून. सहीपुरती. मग परत घालू."

त्यांनी झारी खाली ठेवली. "सेंदा, लग्न मोडलं तरी निनांग मोडत नाही. आणि लग्न तर आपल्याकडे मोडतच नाही."

मी म्हटलं, "ते दिसतंच आहे."

त्यांनी झारी पुन्हा उचलली. "क्रिसान्तोचं जहाज सुटलं का?" म्हणाले. मी म्हटलं, अडकलंय अजून. आणि निघून आले. त्यांच्या झाडांना फार पाणी होतं, ती कुजणार आहेत.

बाजारात लाग्रिंगने, तीच मासेवाली, आज सगळ्यांसमोर काढलं. "काय गं सेंदा, तुझ्या मुलीकडे त्या खोलीत वेडी पोरं पाठवतात म्हणे?"

मी म्हटलं, "वेडी पाठवत असते तर तुझी तिन्ही तिथेच राहायला असती."

बायका हसल्या, लाग्रिंगपण हसली, पण मग मासे खवलत हळूच म्हणाली, "माझी मधली जाते. काय बोलते तिथे, तुला जुना सांगते का?"

"नाही सांगत."

"एवढंसुद्धा नाही?"

"मी तिची आई आहे, मला नाही सांगत. तुला काय सांगणार."

आणि ते खरं आहे. जुना संध्याकाळी घरी येते ती तोंडाला कुलूप लावून. मी कितीदा विचारलं, आज कोण रडलं? ती म्हणते, "नानाय, भात झाला का?" पूर्वी मला राग यायचा. आता लाग्रिंगचा चेहरा बघितला आणि कळलं की ती मधली तिथे का जाते. सगळ्या लिबायानमध्ये एकच खोली अशी आहे जिथे बोललेलं दुपारपर्यंत बाजारात पोचत नाही.

तीच खोली, मॅडम. तुमची. आठवतं का, मला पहिल्यांदा तिथे बोलावलं तेव्हा जुना सातवीत होती. आमच्या वेळी त्या खोलीत चोर पोरांना पाठवायचे. मी वाटेतच एक छडी तोडून हातात घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, छडी बाहेर ठेव, बस. मी म्हटलं, हिने काय चोरलं ते आधी सांगा. तुम्ही म्हणालात, हिने काही केलेलं नाही, ही फक्त बोलायची थांबली आहे. आणि मग मला विचारलंत, "तू कशी आहेस?" मी बरी आहे म्हणाले आणि रडायलाच लागले. असं मला त्याआधी कोणी विचारलं नव्हतं, म्हणजे उत्तर ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. मग तुम्ही निवृत्त झालात आणि खोलीच्या ऐवजी पडवी आली, एवढाच फरक. शनिवार तोच राहिला.

आता शनिवारी बाजार संपतो. मी उरलेले इबोस घरी आणते. जुना आणि रेमार शहरात त्याच्या आईकडे जातात. कोंबड्या इबोस खातात. चांगल्या जाड झाल्यात.

हे सगळं लिहायचं नव्हतं. कागद परत घातला आहे, आधीचा हरवला असेल तर असावा. सही करा.

रोसेंदा


लिबायान, २१ एप्रिल

मॅडम,

तुमचं पत्र आलं. माझ्या मुलीला.

पोस्टमनने माझ्या हातात दिलं. वरचं अक्षर तुमचं होतं, मी हात पुसून घेतलं. नाव बघितलं तर ज्युनालिन. माझी दोन पत्रं गेली तुमच्याकडे, आणि उत्तर तिला. बरं. मी फोडलं नाही. मी चौथी शिकले आहे, पण दुसऱ्याचं पत्र फोडत नाही.

जुनाने जेवताना मोठ्याने वाचलं. तुम्ही लिहिलंत की बंदराच्या गावात मिसेस लेओनिला म्हणून लायसन्सवाल्या बाई नुकत्याच मुलीकडे राहायला आल्या आहेत. "ती तुला ओळखत नाही, म्हणून तिच्याकडे जा. तुझं काम बघून तिने सही केली, तर ती सही तुझी असेल. मी केली तर ती तुझ्या आईची असेल." असं तुम्ही लिहिलंत. हे वाक्य जुनाने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

मी विचारलं, "माझं काही?"

तिने कागद उलटा करून बघितला. "काही नाही, नानाय."

"नीट बघ."

"नीट बघितलं."

तर ती गेली. त्या लेओनिलाबाई फार कडक आहेत म्हणे. गोड बोलल्या नाहीत, चहा दिला नाही. म्हणाल्या, सुट्टीतल्या वर्गांच्या मुलांबरोबर तुझं काम मी महिनाभर येऊन बघेन, मला पटलं तर सही, नाही पटलं तर पुढच्या वर्षी ये. आता त्या आठवड्यातून दोनदा येतात आणि कोपऱ्यात बसतात. मी जुनाला म्हटलं त्यांना इबोस ने. तर म्हणते, "नानाय, एक पानसुद्धा नाही न्यायचं. तू त्यांनाही कोमाद्रे करशील." रेमार एवढा हसला की त्याला ठसका लागला. जावयाने सासूवर असं हसू नये, पण मी ते चालवून घेतलं, कारण घरात कोणी हसून बरेच दिवस झाले होते.

म्हणजे तुमच्या सहीवाचूनही कदाचित भागेल. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. मला किती वाटलं ते मी सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट. परवा जुना ओट्यापाशी शेंगा निवडत होती. मी तिला म्हटलं, "इंदाय, तू त्या मुलांचं ऐकतेस, तसं जरा माझं ऐकशील?"

तिने शेंगा बाजूला केल्या, हात धुतले, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. अगदी समोर नाही, जरा तिरकी, तुम्ही बसायचात तशी. हात मांडीत. मला एकदम वाटलं, हिला आपण जन्म दिला आणि ही आता त्या खोलीतली बाई आहे. बरं वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "कोणाबद्दल आहे?"

"तातायबद्दल. तुझ्या बापाबद्दल."

तिने खुर्ची मागे सारली. मग उठली.

"नानाय, हे माझ्याने ऐकवणार नाही. तू सांगशील आणि मी त्यांच्यावर चिडेन. मी चिडले की तू त्यांची बाजू घेशील, नेहमी घेतेस. आणि जे सांगायचं होतं ते तुझ्या पोटातच राहील."

"मग तू एवढं शिकलीस कशाला?"

"हेच कळायला शिकले. सगळ्यांचं ऐकेन, घरचं नाही ऐकू शकत. तू मॅडमना सांग."

"त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"मग लिही."

"लिहितेच आहे की."

"सहीबद्दल लिहितेस," ती म्हणाली, आणि शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

मॅडम, मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. एवढी मोठी लग्न झालेली मुलगी. मी बाहेर जाऊन कोंबड्यांना हाकललं, त्या काही करत नव्हत्या.

बघा तुम्ही. सगळ्या गावाच्या मुलांना ऐकणारी बाई मिळाली, ती माझ्या पोटची. तिला मी माझ्या हाताने वाढवलं, पहाटे उठून भात शिजवून शहराच्या बसमध्ये बसवलं. आणि सगळ्या गावात फक्त माझंच तिला ऐकता येत नाही. हा नियम कोणी केला, तुम्ही की मनिलाने?

रोसेंदा


लिबायान, २ जून

कोमाद्रे पुरिंग,

या वेळी मॅडम लिहीत नाही, कारण आता तुमच्याकडून कसलीही सही नको आहे.

लेओनिलाबाईंनी केली. शेवटच्या दिवशी खोलीतून बाहेर आल्या आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाशी बसून पत्र लिहिलं. जुनाला दाखवलंसुद्धा नाही, पाकीट चिकटवून दिलं. जाताना मला फाटकात बघून थांबल्या. "तुम्ही आई का?" मी हो म्हणाले. "मुलगी गप्प बसू शकते," म्हणाल्या. "बोलणाऱ्या पुष्कळ असतात." आणि गेल्या. मला आधी कळेना ही शिवी की शाबासकी. मग घरी येईपर्यंत कळलं.

अर्ज वेळेत गेला. परीक्षा ऑगस्टमध्ये. निकाल लागेपर्यंत खोली जुनाकडे राहील असं मुख्याध्यापकांनी लिहून आणलं आहे. लाग्रिंगची मधली मला बाजारात दोन बांगडे जास्त देते, आईच्या नकळत, काही न बोलता. पास झाली तर जुनाला शहरातल्या मोठ्या शाळेत जागा आहे, रेमारलाही तिथेच काम आहे. ते जातील. त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही, पण जुनाने भांडी मोजली त्यावरून मला कळलं. जावंच. लायसन्स घेऊन माझ्या चुलीपाशी बसायला थोडंच शिकली.

आता ज्याच्याबद्दल लिही असं ती म्हणाली, ते लिहिते.

जहाज अडकलेलं नाही. ते ब्राझिलच्या त्या बंदरातून, सान्तोसहून, केव्हाच सुटलं आणि आत्तापर्यंत जगाला दोन फेऱ्या मारून झाल्या असतील. क्रिसान्तो तिथे उतरला आणि राहिला. बाई आहे. तिचं धुलाईचं दुकान आहे, असं तो म्हणाला, जसं काही मी ते ऐकून खूश होणार होते. हे त्याने फोनवर सांगितलं लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मी डुकराच्या पोटात घालायला गवती चहाच्या जुड्या बांधत होते तेव्हा. मी विचारलं, "मुलीला काय सांगू?" तो म्हणाला, "जहाज अडकलंय म्हण." म्हणून मी म्हटलं. लग्नात त्याच्या खुर्चीवर त्याचा इस्त्री केलेला पांढरा बारोंग, समारंभाचा सदरा, लावून ठेवला होता, तुम्ही बघितलात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने हिचे डोळे भरले. तुम्हालाही तेच वाटलं असेल.

जुनाला माहीत आहे, असं मला आता वाटतं. ती विचारत नाही, मी सांगत नाही. आम्ही दोघी एकाच ताटाच्या दोन बाजूंनी जेवतो आणि मधला घास कोणी उचलत नाही.

त्या शनिवारी मी टोपली घेऊन तुमच्याकडे आले, ती सहीसाठी नव्हे. सही जुनाची होती, ती तिची तिने मागितली असती. मी ठरवलं होतं, ही कागद घेऊन गेली की आपण मागे थांबायचं, इबोसचं पान सोलून तुमच्या हातात द्यायचं आणि सांगायचं. लग्न संपेपर्यंत मी ते दाताखाली धरून ठेवलं होतं. पंधरा दिवस पाहुण्यांची भांडी परत करण्यात गेले. आणि तुम्ही म्हणालात की आता नातं झालं, आता जमणार नाही. तुम्ही सहीचं म्हणत होतात. मला ऐकू आलं की सगळंच जमणार नाही. मग मी जे बोलले ते बोलले. पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नका, हेही बोलले, पहिल्या पत्रात ते गाळलं होतं. तुम्ही शब्दाला जागणाऱ्या, म्हणून मला उत्तर लिहीत नाही, असं जुना म्हणते. जुना आता फार हुशार झाली आहे.

पण त्यावर माझं म्हणणं ऐका. दारात येऊ नका म्हटलं होतं. पत्र दारात येत नाही, पोस्टमनच्या हातात येतं.

समुपदेशक व्हायला काय काय लागतं ते मला आता पाठ आहे, कोणी झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. त्यात नात्यातल्या माणसाने साक्ष द्यायची नाही हा तुमचा नियम, तोही मी गिळला. तुमचंच खरं निघालं, पोरीची सही पोरीची झाली. पण कोमाद्रे व्हायला कोणती पदवी लागते? कोणती परीक्षा लागते? फादरनी त्या दिवशी सगळं वाचून दाखवलं, या दोघांना सांभाळा, यांच्या घराला सांभाळा, आणि तुम्ही चष्म्याशिवाय सही केलीत. नवरीच्या आईचं ऐकून घ्यायचं नाही, असं त्यात एका ओळीतही नव्हतं. मी लक्ष देऊन ऐकत होते. तेव्हा निनांगची सही चालत नसेल तर नसेल. निनांगचे कान चालतात की नाही, ते सांगा.

फोनवर मला हे बोलता येत नाही. तुमची सून मध्ये येते, आणि फोनवर माझं तोंड भांडायलाच सुटतं. मला एक खुर्ची पाहिजे आणि समोर तुम्ही जरा तिरक्या. मी जास्त वेळ घेणार नाही. रडले तर रडले. सल्ला नको.

शुक्रवारची बोट कागायानला जाते, तिथून मालायबालायला बस आहे, मी चौकशी केली आहे. तांदूळ तिथेच भिजवीन, पानं इथून आणीन, तुमच्याकडे डोंगरात चांगली पानं मिळत नसतील.

२४ जूनला सान हुआनचा सण. सगळं गाव समुद्रावर असेल, एकमेकांवर पाणी उडवत. जुना आणि रेमार शहरात. बाजार बंद. मला त्या दिवशी घरात बसून तुमच्या पत्राची वाट बघायची नाही, म्हणून त्याच्या आत उत्तर आलं पाहिजे. "ये" एवढं लिहिलंत तरी पुरे. "येऊ नकोस" असेल तर तेही तुमच्या हाताने लिहा, सुनेच्या तोंडून नको. पाकिटावर नाव माझं घाला.

आणि टोपली पोस्टाने पाठवू नका. औषधं राहू देत तिच्यात. ती न्यायला मी यायचं आहे की नाही, तेवढं मला २४ तारखेच्या आत कळवा.

तुमची कोमाद्रे,
सेंदा